आधी आपला सांधा

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! खोलीला चक्क दोन खिडक्या आहेत, घरमालकीण बोलकी आहे आणि कॉलेज चालत जाण्याइतकं जवळ. कामावर पसंतीची मोहोर उमटली की ताई चिंगीला इथे आणून सोडणार. चिंगीचे बाबा गेल्यापासून लेक मावशीकडे आणि आई दारोदार असं चाललंय, ते आता संपेल. सहा वर्षांची पोर अजून कडेवर बसायचा हट्ट करते. बस म्हणावं, हक्काने कडेवर बस!

काम माझ्या आवडीचं आहे. वैद्यकीय कॉलेजच्या शरीररचना विभागात सुट्ट्या हाडांचे सांगाडे जोडायचे. कृत्रिम पाय बनवायच्या कारखान्यात एवढी वर्षं काढली, सांधे मला नवे नाहीत. विभागप्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. हसतमुख आहेत. विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी एक पूर्ण सांगाडा हवाय म्हणाल्या.

मंगळवार, ५ तारीख

पेटी उघडली. मांडीची हाडं इतकी लांब की मालकाचं नाव मी लगेच लंबू ठेवलं. हाडं स्वच्छ, पण नुसती. दोन हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या कडेला नि नाकाच्या शेंड्यात हाताला लागते तसली लवचीक गोष्ट, ती साफ करतानाच विरघळून जाते. मग तिच्या जागी आपण नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाच्या, चकत्या कापून बसवायच्या आणि तारेने ओवायचं. दर दोन मणक्यांमध्ये एक चकती. खांद्याला उखळीसारखी खोबण, कोपराला बिजागरी.

इथे एक भलतीच रीत आहे. बाई म्हणाल्या, इथे मोजपट्टी वापरत नाहीत. कुठलाही सांधा जोडण्याआधी आपला तोच सांधा त्याच्या शेजारी धरायचा आणि पूर्ण वाकवायचा. आधी आपला, मग त्याचा. आपला जिथे थांबेल तिथे तार आवळायची. मी मान डोलावली आणि मोजपट्टी पिशवीतच ठेवली, लागली तर असू दे म्हणून.

शुक्रवार, ८ तारीख

वैताग, वैताग, वैताग. मोजपट्टीने जोडलेलं कोपर उलटं वाकतं. गुडघ्याची वाटी घसरून नडगीवर येते. तीन वेळा उसवलं, तीन वेळा ओवलं. पोरं डोकावून गेली आणि लंबूला उलटा सलाम ठोकायला लावून खिदळली. कारखान्यात लोक माझ्या हातचे पाय घालून जिने चढायचे हो!

शिपायाकडे बारीक तार मागितली तर हो, बरं म्हणाला. टोच्या मागितला, हो, बरं. दिवस गेला तरी दोन्हींचा पत्ता नाही. पुन्हा विचारलं तर तेच, आणि चेहरा ढिम्म. त्याचं नावच मी होबरं ठेवलंय.

बाईंनी काम पाहिलं आणि शांतपणे विचारलं, रीतीने केलंत का? आणि म्हणाल्या, असं चाललं तर मुलीला इतक्यात बोलवू नका. तळपायाची आग मस्तकात गेली.

सोमवार, ११ तारीख

केलं बाईंच्या मनासारखं. बाही वर सारली, लंबूच्या डाव्या कोपराशेजारी माझं डावं कोपर धरलं आणि वाकवलं. तार आपोआप सापडावी तशी बसली. मग गुडघे, घोटे, डावा खांदा. स्टुलावर पाय ठेवून लंबूच्या मांडीला मांडी लावून बसले होते, कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण काय सुरेख जमलं! डावा हातसुद्धा बोटांसकट झाला. बाई खूश. मीही.

मंगळवार, १२ तारीख

कोपर करकरतंय. जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज. घरमालकिणीची खाट मेली मधे खोलगट आहे, दुसरं काय! तिला सांगितलं तर तिने त्याच खाटेवर वाढलेल्या आपल्या चार मुलांची कौतुकं ऐकवली.

गुरुवार, १४ तारीख

आज पाठीचा कणा, कंबर, मान आणि जबडा उरकला. मान फिरवून फिरवून चक्कर आली. रविवारी फोनवर चिंगीचा आवाज ऐकला, आई कधी, आई कधी. म्हणून घाई करतेय.

पण एक गोष्ट डोक्यात जातेय. लंबूच्या कोपरातला नमदा कुणीतरी काढलाय. त्या जागी निळसर पांढरं, गुळगुळीत काहीतरी भरलंय. बोट लावलं तर ओलं. मेण असेल. होबरंला फैलावर घेतलं, माझ्या कामात हात घालशील तर याद राख म्हणाले. हो, बरं म्हणाला.

जिना चढताना गुडघे दोन्ही हातांनी ढकलावे लागले.

शनिवार, १६ तारीख

डॉक्टरांकडे गेले. क्ष-किरण फोटो पाहून त्यांनी आधी वरचं नाव तपासलं. मग म्हणाले, हाडांमधली फट कुठे दिसतच नाही, कूर्चा पार झिजलीय, ऐंशीच्या बाईचे सांधे वाटतात. असं आठवड्यात होत नाही, तुम्ही वर्षानुवर्षं अंगावर काढलं असणार. मी सांगते बारा दिवसांपूर्वी इथे येताना धावत बस पकडली, तर हसले. कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. माझं ऐकणारा एक माणूस या गावात नाही!

सोमवार, १८ तारीख

डाव्या दंडावरून बाही घसरतेय. आरशात पाहिलं. दंडाचा स्नायू गेलाय, नुसतं हाड उरलंय. जबडा दाताला दात लावून बसलाय. दूध तेवढं फटीतून जातं.

आणि लंबूच्या दंडावर — तार नाही. कुठेच तार नाही. लालसर दोरे आहेत, हाडापासून हाडापर्यंत, एकावर एक, ओले. मी बोट लावलं तर ते आखडले. त्याचं कोपर वाकलं.

बाईंना ओढून आणलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि कौतुकाने मान हलवली. फक्त उजवा हात राहिलाय, म्हणाल्या.

मंगळवार, १९ तारीख

पक्कड घेतली आणि त्याच्या गुडघ्यातलं ते ओलं, पांढरं तोडायला गेले. एकदाच दाबली.

माझा गुडघा — दातांमागे कोंडलेली ती किंकाळी मलाच परकी वाटली. होबरं दारात आला, बघून गेला.

तोडायचं नाही. त्याला काही करायचं नाही. जे माझं होतं ते त्याच्यात आहे, आणि दुखायला मात्र माझ्यात.

बुधवार, २० तारीख

राजीनामा लिहून दिला. बाईंनी शेल्फावरून एक छोटी पेटी काढून टेबलावर ठेवली. लहान मुलाची हाडं. टोकं अजून हाडाला जुळलेली नाहीत, मधल्या वाढीच्या कूर्चेची जागा रिकामी. म्हणाल्या, याला मोठ्या माणसाचा सांधा चालत नाही, माप लहानच लागतं. तुमची मुलगी साधारण याच उंचीची असेल, नाही का?

मी टेबलावर हात आपटला. उजवा. तोच एक आपटता येतो.

मग त्यांनी समजुतीने सांगितलं, लंबूचा उजवा हात पूर्ण करा. ही पेटी पुन्हा शेल्फावर. मुलीचं नाव काढणार नाही.

शब्द देता का, लिहून विचारलं. दिला.

गुरुवार, २१ तारीख

केला. खांदा, कोपर, मनगटाची खड्यांएवढी आठ हाडं, मग एकेक बोट. होबरंने माझा हात उचलून त्याच्या हाताशेजारी धरला. अंगठा शेवटी. माझा असा वाकला, त्याचा तसा.

बोटं आज ठीक आहेत. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. चिंगीला कडेवर घेणं गेलं, वेणी घालणं गेलं. जाऊ दे. ती मावशीकडे राहील. धड राहील. मी रडले, पण बरं वाटून रडले.

शुक्रवार, २२ तारीख

घरमालकीण हसत आली. कॉलेजातून फोन होता म्हणे. मोठ्या बाईंचा, खुद्द. ताईचा नंबर त्यांच्याकडे होताच, अर्जावर मीच लिहिलेला. काम पसंत पडलं, मुलीला घेऊन या, असं त्यांनी ताईला कळवून टाकलंय. ताई उद्या येतेय. सरळ कॉलेजात. चिंगी आनंदाने नाचतेय म्हणे.

कागदावर लिहिलं, ताईला फोन करा, येऊ नको म्हणा. तिने केला. कुणी उचलत नाही. ती म्हणाली, निघाली असतील, इतकं काय मनाला लावून घेता.

करंगळी वाकत नाही.

शनिवार, २३ तारीख

कॉलेजच्या फाटकाशी उभं राहायचं म्हणून भिंत धरत पोचले. पाय सरळ, काठीसारखे. ताईसाठी चिठ्ठी होबरंच्या हातात दिली — पोरीला आत आणू नको, परत फीर. हो, बरं म्हणाला. खिशात घातली. आणि मला उचलून आत आणून खुर्चीत ठेवलं. आजारी माणसाला उन्हात कसं ठेवायचं, म्हणे.

वही मांडीवर. पेन्सिल मुठीत. चार बोटं गेली —

टेबलावर छोटी पेटी. उघडी.

ताईचा आवाज. बाहेर, चहाला बसवलंय तिला. बाई चिंगीचं बोट धरून आत —

चिंगी माझ्याकडे धावली. कडेवर घे म्हणाली. माझे हात उठेनात. रुसली. बघतेय, आई का हसत नाही —

लंबूने मान वळवली. माझ्यासारखी, जरा तिरकी. चिंगी टाळ्या पिटते, आईसारखं करतो म्हणते.

तो हात पसरतो. दोन्ही. ती जाते.

बाई तिची बाही वर सारतायत. गंमत दाखवते म्हणतायत. आधी आपला —

तिला मोठी अक्षरं वाचता येतात. मोठी काढते. वही गुडघ्यांवर पुढे सरकवते, इकडे बघ, पोरी —

चिंगी पळ

हात नको वाकव

चिंगी बघ इकडे बघ हात नको वा