पिंपळ, शेळी आणि वरचा मजला

मी, रत्नमाला आनंदराव मेश्राम, वय सत्तर, धर्म बौद्ध, निवृत्त शिक्षिका (विषय इतिहास), राहणार कॅम्प-१, भिलाई, जिल्हा दुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकून पाहण्यात आला होता, पण टाकणारा थकला. येत्या सोमवारी डॉक्टर माझ्या छातीत पेसमेकर बसवणार आहेत. घाबरण्यासारखं काही नाही म्हणतात. मी घाबरत नाहीच. पण सोमवारी माझं काही बरंवाईट झालं तर मंगळवारी या घरात काय होईल ते मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून ही लिखापढी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. सवडच झाली नाही.

कलम १. माझं लग्न झालेलं नाही. स्थळं आली होती. प्रत्येकानं विचारलं, "एम.ए. कशात?" मी म्हटलं, "इतिहासात." मग पाहुणे चहा पिऊन उठले. भिलाईत तेव्हा माणसाला पहिला प्रश्न हाच असायचा की स्टील प्लांटमध्ये कोणत्या शॉपात, म्हणजे विभागात, आहे? रेल मिल की ब्लास्ट फर्नेस? एका मुलाच्या आईनं तर मलाच विचारलं, "इतिहासाचं शॉप कोणत्या गेटनं जाते वो?" त्या बाईंना माफ केलं आहे, असं इथे नमूद करते.

तेव्हा माझा जवळचा वारस एकच, धाकटा भाऊ नरेश. चरोद्याच्या यार्डात रेल्वेचा इन्स्पेक्टर आहे, पुढच्या वर्षी रिटायर होईल, सध्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो. त्याची एकुलती एक मुलगी खुशबू. यंदा बी.ए. झाली, आणि हैदराबादच्या विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.ला तिचा नंबर लागला आहे. जुलैत जायचं आहे. नरेश पाठवायला तयार नाही. त्यानं तिला न विचारता रेल्वे भरतीच्या क्लासमध्ये नाव टाकलं आहे.

कलम २. माझं कॅम्प-१ मधलं दोन मजली घर मी पगारातून बांधलं आहे, त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. त्याचा खालचा मजला नरेशला द्यावा. वरचा मजला खुशबूचा. त्याचं भाडं तिच्या शिक्षणाला लागावं, एम.ए., पीएच.डी., पुढे जे काही निघेल तिथपर्यंत. अट एकच: शिक्षण इतिहासाचं. मी जिवंत राहिले तर हे सगळं माझ्या पेन्शनीतून मी स्वतःच करीन, कोणी वाट पाहू नये.

कलम ३. नरेश का अडून बसला, हे लिहिल्याशिवाय पुढची कलमं कळणार नाहीत. म्हणून पिंपळाचं लिहिते.

आमच्या विहाराच्या अंगणात मोठा पिंपळ आहे. बुद्धपौर्णिमेला त्याच्या मुळाशी पहिलं पाणी घालायचा मान ज्या घरानं झाड लावलं त्या घराचा. आम्ही म्हणायचो, आमच्या बाबांनी लावलं. पलीकडचे धोंडबाच्या घरचे म्हणायचे, धोंडबानं. दरवर्षी दोन्ही घरच्या कळश्या एकमेकींवर आपटायच्या. एकदा तर धोंडबाच्या सुनेच्या साडीवर अख्खी कळशी गेली. ती माझ्या हातून गेली, आणि चुकून गेली नव्हती.

खुशबूनं बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. नरेश खूश. "लिही बेटा, माह्या बापानं लावला, आन् फोटो पण टाक त्याचा." पण पोरीला मी शिकवलं होतं की एकाच्या सांगण्यावर विश्वास नाही, दोन माणसं, एकमेकांच्या नात्यातली नाहीत अशी, वेगवेगळी बसवून विचारायची. तिनं तसंच केलं. आधी गेली चंपतकाकांकडे, ते प्लांटमधून कधीचे रिटायर. मग फिरंतीन बाईकडे. ती इथली छत्तीसगढी, विहाराला लागूनच तिचं घर. दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि सांगितलं मात्र एकच. आनंदरावांनी रोप लावलं हे खरं. पण पावसाळा निघायच्या आत ते शेळीनं खाल्लं. मग धोंडबानं दुसरं रोप आणलं, भोवती भंगाराच्या पत्र्याचं कुंपण केलं, ते जगलं. फिरंतीन बाई हसता हसता म्हणाली, "तुंहर छेरी खा दिस ओला, नोनी!" म्हणजे शेळीही आमचीच.

खुशबूनं हे प्रकल्पात लिहिलं, इतकंच नाही, बुद्धपौर्णिमेला विहारात माईकवर वाचलं. पहिल्या रांगेत नरेश, नवा शर्ट घालून. शेळीपर्यंत आली आणि अख्खं विहार हसलं. मी पण हसले, काय करणार! नरेश मात्र उठून गेला. संध्याकाळी माझ्याकडे येऊन ओरडला, "ताई, हेच शिकवतेस काय तिले? घरचंच खाऊन घराले भोकं पाडते! इतिहास-बितिहास बंद. पेट भरते का त्यानं?"

शेळीबद्दल माझंही थोडं म्हणणं आहे. आमची शेळी गरीब होती आणि गवत सोडून कशाला तोंड लावत नसे. पण साक्षीदार दोन आहेत, मी एकटी आहे, म्हणून गप्प बसते.

कलम ४. "पेट भरते का" याचं उत्तर माझ्या वस्तू कोणकोणत्या माजी विद्यार्थ्यांना जातात त्यावरून मिळेल.

माझं मोठं भिंग अनुजाला. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर झोपायची. आता ती दिल्लीत जुने कागद जतन करायच्या खात्यात आहे. फाटलेलं पान असं जोडते की हात लावून कळू नये. पोट भरलेलं आहे, मागच्या दिवाळीला आली तेव्हा फ्लॅटचे फोटो दाखवले.

लाल छत्री आणि सगळे नकाशे रीनाला. सिरपूरला पर्यटकांना प्राचीन बौद्ध विहारांचे अवशेष दाखवते, हिंदी, इंग्रजी आणि हातवारे अशा तीन भाषांत. एकदा मी गपचूप तिच्या घोळक्यात शिरले. तिनं एक सन चुकीचा सांगितला, मी तिथल्या तिथे टोकलं, आणि तिनं पन्नास लोकांसमोर माझे पाय धरले. लाजले मी.

स्टीलचं कपाट सुशीलला. तो बी.ए. इतिहास करून वकील झाला. म्हणतो, "मॅडम, कोर्टात रोज तेच करून राहिलो, कोण खोटं बोलतो ते शोधणं." हे मृत्युपत्र तोच तपासणार आहे, म्हणून त्याची याहून जास्त तारीफ करत नाही.

माझी पुस्तकं दीक्षाभूमीच्या मेळ्यातून दरवर्षी पोतं भरून आणलेली आहेत. ती सगळी विहाराच्या वाचनालयाला द्यावीत. रद्दीवाल्याला फाटकाच्या आत घेऊ नये.

कलम ५. शेजारची सुजाता सरकारी दवाखान्यात नर्स आहे, गुणाची पोरगी आहे. पण माझं इडलीपात्र तिच्याकडे गेलं ते गेलंच. ते तिलाच द्यावं, म्हणजे निदान कायदेशीर होईल.

अंत्यविधी बौद्ध पद्धतीनं, साधा करावा. शोकसभेत तर्रीपोहे द्यावेत, तर्री झणझणीत असावी. "इतिहासाचं एक पान गळालं" असं जो कोणी म्हणेल त्याला पोहे देऊ नयेत.

पुरवणी. हे आज, रविवारी, सुशील येऊन गेल्यावर जोडते आहे.

सुशीलनं सगळं वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, हे मृत्युपत्र कोर्टात ओढू शकणारा माणूस एकच, तुमचा भाऊ. तोच साक्षीदार म्हणून सही करेल तर वादाला जागाच राहत नाही. पण साक्षीदाराच्या नावानं काही ठेवू नये, त्यानं शंका येते. म्हणजे त्याला एक तर खालचा मजला, नाही तर सही." मी म्हटलं, "मग मजलाच राहू दे. त्याला रिटायर झाल्यावर राहायला घर लागेल. आणि तो सही कशाला करतो?"

नरेश तेव्हा दारातच उभा होता, माझी ऑपरेशनची पिशवी घेऊन. उद्या दवाखान्यात तोच नेणार आहे. भांडला म्हणून तेवढं सोडत नाही. मी त्याला बसवलं आणि विचारलं, "यार्डात डबा घसरला का तू काय करतोस?"

"इन्क्वायरी."

"कशी?"

"प्रत्येकाचं बयान अलग-अलग घेतो. एका खोलीत बसवले का सगळे मिळून एकच गोष्ट रचतात."

"अन् चूक आपल्याच माणसाची निघाली तर?"

नरेश पिशवीचा बंद ओढत बसला. मग म्हणाला, "बदलीवर होतो तेव्हा एकदा निघाली होती. माह्याच गँगमधल्या कामगाराची. मी लिहिली. सालभर कोणी माह्यासोबत डबा खाल्ला नाही, ताई. एकटा बसून खायचो."

मला हे माहीत नव्हतं. सख्खा भाऊ, आणि मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं. मी म्हटलं, "मग बाबू, पोरगी कोणावर गेली?"

सुशील उगाच कागद सारखे करत बसला. मग नरेशनं डोळे पुसले, आणि हसला, बाबांसारखाच एका गालानं. "माह्यावरच गेली ना, बदमाश! माईकवर वाचताना एकदा पण अडकली नाही. पेन दे वकीलसाहेब. ताई, खालचा मजला पण तिच्याच नावानं कर."

"अन् तू राहशील कुठं?"

"तिच्या घरी. म्हातारपणी बापाले बाहेर काढते काय? काढलं तर दोन साक्षीदार घेऊन विहारात माईकवर सांगीन!"

तेव्हा कलम २ मधला "नरेशला द्यावा" हा मजकूर खोडून "खुशबूला द्यावा" असा लिहिला आहे. खोडाखोड माझीच आहे, बाजूला सही केली आहे. नरेशला हयातभर त्या घरात राहू द्यावं, असं मी खुशबूला सांगते. सांगायची गरज नाही, तरी सांगते, शिक्षिका आहे.

हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. पेसमेकर नीट चालला तर कपाटात पडून राहील, आणि माझी काही हरकत नाही.

ठिकाण: कॅम्प-१, भिलाई
दिनांक: २२ जून २०२५

(सही) रत्नमाला आनंदराव मेश्राम

आमच्या दोघांच्या समोर, बाईंनी हसत हसत, पण पूर्ण शुद्धीत सही केली.

साक्षीदार १: (सही) सुजाता वासनिक, नर्स, राहणार शेजारी. कलम ५ मधलं इडलीपात्र आजच परत केलं आणि त्यावरचा हक्कही सोडला, त्यामुळे मला यातून काही मिळत नाही.

साक्षीदार २: (सही) नरेश आनंदराव मेश्राम, नातं भाऊ, राहणार चरोदा. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मंजूर आहे. भरतीच्या क्लासमधून नाव काढून राहिलो. खुशबूले हैदराबादले सोडायले मी स्वतः जाणार.