भोकं न पाडलेले बूट

आबा, काल थोरल्या नातवानं मला फोनवर बूट दाखवले. नदीत उभं राहून मासे धरणाऱ्यांसाठी खास केलेले, म्हणे. तळव्याला जाड लोकरीचा थर, म्हणजे ओल्या दगडावर पाय सरकत नाही, आणि घोट्याखाली दोन्ही बाजूंना भोकं. "आजी, नवीन डिझाइन आहे. आत आलेलं पाणी आपोआप बाहेर जातं," तो कौतुकानं सांगत होता. मी म्हटलं, "नवीन कसलं डोंबलाचं! माझ्या बापानं पन्नास वर्षांपूर्वी हेच केलं होतं, पलूसकडं, चुलीपुढं बसून." बोलले खरी, पण मग दिवसभर कशात मन लागेना.

पलटणीतून पेन्शनीवर आलात तेव्हा तुम्ही तिथले चामडी बूट बरोबर आणले होते. कृष्णेच्या काळ्या खडकावर त्यांच्या तळाचे लोखंडी खिळे सरकायचे, म्हणून एकेक खिळा पकडीनं उपटलात आणि जुन्या घोंगडीचे तुकडे मेणाच्या दोऱ्यानं तळव्याला शिवलेत. दर पावसाळ्यानंतर घोंगडी बदलायची. मग एक दिवस सळई चुलीत लाल करून बुटांना भोकं पाडायला बसलात. आई भाकरी थापताथापता ओरडते, "आवं, भाकरीला चामड्याचा वास लागतुया! ही चूल हाय का लव्हाराची भट्टी?" तुम्ही हसता आणि मला म्हणता, "पोरी, नदीत उतरल्यावर बुटात पाणी येणारच. त्येला भाईर जायाला वाट पायजे, न्हाईतर पाय उचलत न्हाई." मी मान डोलावते. म्हणजे मला माहीत होतं, आबा.

ते बूट फाटले तेव्हा मी मिरजेला दवाखान्यात नर्स म्हणून नुकतीच लागले होते. पहिल्या पगारात तुमच्यासाठी रबरी बूट घेतले, गुडघ्यापर्यंत, काळेभोर, तोंड दिसेल असे चकचकीत. तुम्ही आख्ख्या गल्लीला दाखवलेत, "लेकीनं आणलं, लेकीनं." पुढच्या सुट्टीला घरी येते तर काय, एक बूट मांडीवर, हातात लाल सळई! माझं टाळकंच फिरलं. सळई हिसकावली आणि नाही नाही ते बोलले. "माझ्या वस्तूची ही किंमत? एक जरी भोक पाडलंत तर मी या घरात पाऊल ठेवायची नाही." पलटणीत जवानांना दमात घेणारे तुम्ही, खाली बघत एवढंच म्हणालात, "बरं बाई, न्हाई पाडत." आणि शब्द पाळलात.

महिन्याभरानं तुम्हाला जीपमधून मिरजेला आणलं. पावसाळा सरत आला होता, नदीला ओढ होती, आणि शिंगाळा गळाला लागला म्हणून तुम्ही चार पावलं खोल गेलात. बूट वरून भरले. पाय उचलेना, तोल गेला, आणि खुब्याचं हाड खडकावर मोडलं. पाय इतका सुजलेला की बूट निघेना. मी कात्री घेतली. एवढ्या कळा सोसताना तुम्ही माझं मनगट धरलंत, "नवं हाय गं, कापू नगंस." आत तुमचा पाय पांढराफटक पडला होता. डॉक्टरांनी विचारलं, कसे पडलात? तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "शेवाळावर पाय घसरला."

पुन्हा तुम्ही नदीवर गेला नाहीत. काठी टेकत ओट्यापर्यंत यायचात, काठावरून येणाऱ्यांना विचारायचात, "पाणी कसं हाय रं?" आणि तिसऱ्या वर्षी गेलात. आई मरेपर्यंत तुम्हाला बोल लावत राहिली, "त्या नदीच्या नादानं वाटोळं केलं." मी तिच्याशेजारी बसून भाजी निवडत ते ऐकलं, एकदा नाही, कितीतरी वर्षं. एकदाही म्हटलं नाही की आई, नदीचा दोष नव्हता, आबांचाही नव्हता, माझा होता.

हे पत्र घरात कुणाला दाखवायचं धाडस नाही, लिहून झालं की फाडीन. काल नातवानं विचारलं होतं, "पणजोबांनी मासे धरणं का सोडलं?" सांगायला तोंडसुद्धा उघडलं होतं मी. मग म्हटलं, "वय झालं होतं त्यांचं." बावन्न वर्षांचे होतात तुम्ही, आबा.