नव्याच्या हातात चेंडू

आई, तू गेल्यावर एकोणीस वर्षांनी मी पहिल्यांदा बेसबॉलची एक अख्खी मॅच पाहिली. तीसुद्धा हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये, आवाज बंद केलेल्या टीव्हीवर. तुझ्या जावयाच्या हृदयाची एक झडप गळत होती, ती दुरुस्त करायची होती. त्यासाठी आम्ही तीन महिने सर्जन शोधत होतो. दोन ठिकाणी दाखवलं, ओळखीपाळखीच्या डॉक्टरांना फोन केले, आणि शेवटी पांढऱ्या भुवयांचा एक सर्जन नक्की केला. आमच्या लेकीच्या वयाइतकी वर्षं तो हेच ऑपरेशन करत आला होता. त्याने हातात हात घेतला की निम्मं दुखणं गेल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी पहाटे आम्ही हॉस्पिटलात पोचलो, याला गाऊन घातला, पायांत ते रबरी ठिपक्यांचे पिवळे मोजे घातले, हाताला सुई लावली, आणि साडेदहाच्या सुमाराला पडदा सरकवून एक तरुण बाई आत आली. पस्तिशीची असेल नसेल. म्हणाली, "मोठ्या डॉक्टरांना अचानक एका इमर्जन्सीत जावं लागलंय. ते संध्याकाळपर्यंत मोकळे होणार नाहीत. आता दोन रस्ते आहेत. पुढच्या गुरुवारी ते स्वतः करतील, नाहीतर आज मी करीन. मी जुलैपासून इथे आहे."

जुलैपासून म्हणजे तीन महिने. मी विचारलं, आठवडाभर थांबलं तर? ती म्हणाली, "बहुतेक काही होणार नाही. पण नाहीच होणार असं मी सांगू शकत नाही." अर्ध्या तासात सांगा, असं म्हणून ती गेली. मी याच्याकडे पाहिलं. आदल्या रात्रीपासून उपाशी, थंडीने ओठ सुकलेले, अंगावर दोन पांघरुणं. छताकडे बघत म्हणाला, "तू ठरव. मला आता काही सुचत नाहीये." एवढंच. मग डोळे मिटून घेतले.

लेकीला फोन करायला मी बाहेर वेटिंग रूममध्ये आले. तिथे एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ आणि त्यांची चाळिशीतली मुलगी बसली होती. त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन चालू होतं. दोघांच्याही डोक्यावर आपल्याच टीमच्या टोप्या, आणि दोघांत जुंपली होती. दुपारी मालिकेतली शेवटची मॅच होती, हरलं तर सीझन संपला. पहिल्या चेंडूपासून टाकणारा मुख्य पिचर खांदा धरून बसला होता, आणि त्याच्या जागी सप्टेंबरमध्ये खालच्या लीगमधून आणलेल्या एका रुकीचं, नवख्या पोराचं, नाव जाहीर झालं होतं. "चार मॅच! पोरगा आयुष्यात फक्त चार मॅच खेळलाय," म्हातारबाबा बोट नाचवत म्हणत होते, "आणि आज त्याच्या हातात चेंडू देतायत." मुलगी म्हणाली, "डॅड, चारही चांगल्या टाकल्यात त्याने. दुसरं आहे कोण?" "दुखऱ्या खांद्याचा जुना माणूस आहे की! मला तो चालेल. निदान तो घाबरणार नाही." "घाबरणार नाही, पण चेंडूही पोचणार नाही त्याचा." डेस्कवरच्या बाईने मान वर करून मध्येच टाकलं, "मी तर नऊपैकी दोन इनिंगनंतरच त्या पोराला काढीन." मला हातातला फोन लावायचा होता, पण मी त्यांचं ऐकत उभी राहिले. ते पिचरबद्दलच बोलत होते. तरी प्रत्येक वाक्याला मी आतल्या दाराकडे वळून बघत होते.

आई, या वादात तू कुठे बसली असतीस ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हातारबाबांच्या शेजारी. तू बेसबॉल शिकलीस तीच मुळी पेशंटांसाठी. सोलापूरहून आलेली मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर तू, इथे परदेशात त्या पदवीला कोणी धूप घालेना, म्हणून मग रोज सकाळी रक्ताच्या नळ्यांचा ट्रे घेऊन वॉर्डावॉर्डांतून रक्त काढत फिरायचीस. सुई टोचताना पेशंटने हाताकडे बघू नये म्हणून काहीतरी विचारायला हवं, आणि या शहरात आदल्या दिवशीची मॅच कशी झाली हा प्रश्न सगळ्यांना चालतो, हे तुला महिन्याभरात कळलं. आधी तू स्कोअर पाठ करून जायचीस. मग रेडिओ लावायला लागलीस. पाचेक वर्षांत अशी वेळ आली की डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या वाण्याकडे तुरीची डाळ घेतानासुद्धा काउंटरवरच्या काकांशी तू पिचिंगवरून भांडायचीस. नवा पिचर म्हटला की तुझ्या कपाळाला आठी. "शिकायला सीझनच्या सुरुवातीचा एप्रिल आहे," म्हणायचीस, "ऑक्टोबर शिकण्यासाठी नसतो."

मला ते अजून दिसतं: मी सोळा वर्षांची आहे. तू थालीपीठ थापते आहेस, खिडकीत रेडिओ चालू आहे, कुणा नवख्याला उद्या पहिल्या चेंडूपासून टाकायला उतरवणार म्हणून तू चिडली आहेस. आणि मी, फार मोठं काही बोलतेय अशा थाटात, म्हणते, "तुला पण पेशंट नको म्हणायचे ना? दुसरी कोणी पाठवा म्हणायचे. तेव्हा तू घरी येऊन रडायचीस. आता तूच तसं म्हणतेस?" तू गॅस बंद केलास. हात न धुता, पिठाच्या हातांनीच माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलीस. "पहिल्या आठवड्यात मी एका आजीबाईंना तीनदा टोचलं," तू म्हणालीस. "शीर सापडेना. त्यांचा हात इथून इथपर्यंत निळा झाला. चौथ्यांदा मी सुई उचलली तेव्हा त्या म्हणाल्या, तू नको, दुसरी बाई बोलाव. सगळ्यांना वाटलं माझ्या रंगामुळे, माझ्या इंग्रजीमुळे म्हणाल्या. मीही घरी तसंच सांगितलं. पण त्या बरोबर होत्या. हात त्यांचा होता. माझ्यावर विश्वास ठेवायला त्या काही बांधलेल्या नव्हत्या. कळलं? पुन्हा माझ्या रडण्याचा असा उपयोग करू नकोस." मग उठून तू गॅस लावलास. पुढचं थालीपीठ माझ्या ताटात जरा जोरातच पडलं.

त्याच्या पुढच्या वर्षी तुझ्या लॅबमधल्या कोणीतरी आपल्याला दोन तिकिटं दिली होती, पार वरच्या रांगेतली. आपण चिवडा पिशवीत लपवून नेला होता. त्या दिवशीही एक नवाच पोरगा टाकत होता, आणि आठवडाभर तू त्याच्या नावाने खडे फोडले होतेस. पहिल्याच इनिंगमध्ये त्याला असा मार बसला की सगळं स्टेडियम हुर्यो करायला लागलं. मी तुझ्याकडे पाहिलं, मला वाटलं तू म्हणशील, बघ, मी सांगितलं नव्हतं? तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतीस. "आता बघ," म्हणालीस, "मार खाल्ल्यावर काय करतो ते बघ." तो पोरगा टोपी ओढून खाली मान घालून उभा राहिला. त्याचे चेंडू झेलणारा कॅचर त्याच्याशी बोलायला धावत आला, त्याच्याकडेही त्याने बघितलं नाही. तिसऱ्या इनिंगला त्याला काढलं. परतताना बसमध्ये म्हणालीस, "चुकला म्हणून नाही गं. एकटाच उभा राहिला ना, तिथे संपला तो."

लेकीला फोन लागला. ती सनीव्हेलला असते, ऑफिसच्या शटलमध्ये होती. ऐकताच किंचाळली. "आई, नो! शी जस्ट स्टार्टेड! वी वेट फॉर द रिअल सर्जन, ओके? कॅन्सल कर. मी आजच फ्लाइट घेते." मी म्हटलं, बघते. "बघते नाही, आई. प्रॉमिस मी." मी प्रॉमिस न करता फोन ठेवला आणि त्या तरुण डॉक्टरला शोधायला निघाले. ती कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या केळं खात होती. मी सरळ विचारलं, मध्येच काही बिघडलं तर काय कराल? तिला राग आला नाही. केळं खाली ठेवून तिने नीट सांगितलं: झडप दुरुस्त झाली की टेबलावरच तपासणार, पुन्हा गळत असेल तर हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवर परत घेऊन दुसऱ्यांदा करणार, तरी जमलं नाही तर झडपच बदलणार. "आणि शेजारच्या थिएटरमध्ये माझ्याहून पंधरा वर्षं मोठे सर्जन आहेत. शंका आली की मी त्यांना बोलावते. लाजत नाही." मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही. मी तुमच्या जागी असते तर मीसुद्धा विचार केला असता."

मी हो म्हटलं. याने कागदावर सही केली, शेजारी साक्षीदार म्हणून मी. ते त्याला घेऊन गेले तेव्हा बारा वाजत होते.

चार तास लागतील असं सांगितलं होतं. एकला मॅच सुरू झाली. रुकीने टाकलेल्या तिसऱ्याच चेंडूवर होम रन बसला, चेंडू थेट प्रेक्षकांत, आणि म्हातारबाबांनी दोन्ही हात वर करून मुलीकडे बघितलं. त्या पोराशी माझा काय संबंध, पण मी खुर्चीच्या काठावर आले. म्हातारबाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हीही फॅन?" मी म्हटलं, माझी आई होती. मग का कोण जाणे, मी त्यांना सांगून टाकलं की आत माझ्या नवऱ्याच्या हृदयावर जी डॉक्टर काम करतेय ती इथे तीन महिन्यांपूर्वी आलीय. ते पुढे झुकून हळू आवाजात म्हणाले, "माझ्या बायकोचा डॉक्टर सत्तरीचा आहे. सकाळी मी सगळा वेळ त्याचे हात थरथरतात का तेवढंच बघत होतो." त्यांच्या मुलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिसऱ्या इनिंगला गुडघ्याचा डॉक्टर स्वतः बाहेर आला, सगळं छान झालं म्हणाला. तरी दोघं लगेच गेले नाहीत. "एवढी इनिंग बघून जातो," म्हणत थांबले, ते पुढेही थांबलेच. माझ्यासाठी थांबले होते असं मला आता वाटतं.

रुकी सावरला. पाच इनिंग टाकल्या, आणखी एकही रन दिला नाही, आणि टीम पुढे असताना टाळ्यांत बाहेर गेला. चार वाजले. कोणी आलं नाही. सव्वाचारला नर्स आली आणि माझ्या शेजारी बसली. बसली म्हणूनच मी घाबरले. म्हणाली, "झडप अजून थोडी गळतेय, म्हणून परत मशीनवर घेतलंय. डॉक्टरांनी मोठ्या सहकाऱ्यांना बघायला बोलावलंय. वेळ लागेल." मी विचारलं, म्हणजे ठीक आहे ना? ती म्हणाली, "ते काम करतायत." त्यापुढचं मला नीट आठवत नाही. म्हातारबाबांच्या मुलीने कॉफी आणून हातात दिली, ती तशीच गार झाली. टीव्हीवर आठव्या इनिंगला आपला शेवटासाठी राखून ठेवलेला, सगळ्यात जुना, सगळ्यात भरवशाचा पिचर आला आणि त्याने मॅच घालवली. म्हातारबाबांनी टोपी काढली, डोकं चोळलं, आणि पोराबद्दलही काही बोलले नाहीत, त्या जुन्याबद्दलही नाही. नुसतं म्हणाले, "ते अजून काम करतायत. म्हणजे काहीतरी करण्यासारखं आहे."

पावणेसहाला ती तरुण डॉक्टर आली. टोपीचा वळ कपाळावर उमटलेला. भिंतीला टेकून म्हणाली, "पहिल्या दुरुस्तीवर माझं समाधान झालं नाही. दुसऱ्यांदा केली. आता गळत नाही." मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी तिला फक्त विचारलं, तुम्ही काही खाल्लंत का?

आता तुझा जावई रोज सकाळी ब्लॉकभर चालून येतो. छातीवरचा वण भरलाय, खोकताना उशी धरावी लागत नाही. मोठ्या डॉक्टरने तपासून सांगितलं, काम उत्तम झालंय. लोक विचारतात तेव्हा मी बेसबॉलची गोष्ट सांगते, तुझं ते बसमधलं वाक्य सांगते, सगळे माना डोलावतात. मी फार शहाणपणाने ठरवलं असं त्यांना वाटतं.

पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही, आणि हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून इथे लिहिते. त्याला आत नेल्यावर लगेच लेकीचा परत फोन आला होता. आत नेलं म्हटल्यावर, "कोणी ठरवलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बाबांनी. मी खूप सांगितलं, ऐकेनात." ती म्हणाली, "ओके. इट्स हिज बॉडी." गेल्या शनिवारी ती पुन्हा आली, त्याला मिठी मारून म्हणाली, "बाबा, यू वर सो ब्रेव्ह." तिच्या खांद्यावरून त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. त्याने नुसती तिची पाठ थोपटली, आणि मी चहा टाकायला उठले. आई, त्या दिवशी तो टेबलावर पोचायच्याही आधी, काही वाईट झालंच तर ते त्याच्याच माथी जावं याची तजवीज मी करून ठेवली होती.