गाठी आतून पांढऱ्या निघाल्या

खडवली, जानेवारीतला रविवार, संध्याकाळ

शी! स्वतःचीच किळस येतेय.

कॉलेजातली सायली आज डोंबिवलीहून शेत बघायला आलेली. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, ती अजून बॉटनी करतेय. ज्या तुकड्याची वरची माती वीटभट्टीवाल्याने खरवडून नेली, तिथे काकाने आणि मी वाल पेरलाय, जमीन पुन्हा जिवंत व्हावी म्हणून. पाणी द्यायचं नाही, वाल नुसत्या दवावर वाढतो. फोनवर मीच फुशारक्या मारलेल्या, वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं खत जमिनीत आणतात, काम करणारी गाठ फोडलीस की आतून गुलाबी दिसेल.

तिने रोप उपटून नखाने गाठ फोडली. पांढरी. दुसरीही पांढरी.

"युरिया टाकलास ना रे? आयतं मिळालं की गाठी कामच करत नाहीत."

टाकलेलाच! मीच, काकाला न सांगता. का? तर ती येईल तेव्हा शेत हिरवंगार दिसावं. आणि तोंडातून निघालं काय, "काकाने टाकला. जुनी माणसं ऐकतात कुठे!"

काका बांधावरच होता. माझ्याकडे बघितलं, मग तिला म्हणाला, "हो गं पोरी, चुकलं माझं."

ती त्याला समजावत राहिली, तो मान डोलवत राहिला. मी उपटलेलं रोप पुन्हा मातीत खोचत बसलो. थू!

ती गेल्यावर काका एवढंच बोलला, "गुन्हा मी घेतला, आता चहा तरी तू कर."

केला. तो प्यायला, माझा कप तसाच निवला.

मोबाइलवर सायलीला लिहिलंय, 'युरिया मी टाकलेला.' तासभर झाला. अजून पाठवलेलं नाही.