गर्जना : लाल, ठळक, चाळीस

१९ एप्रिल
‘गावातल्या अभ्यास करणाऱ्या मुलींनो, तुमच्या अभ्यासिकेला चार महिने कुलूप आहे आणि आत खताची पोती अभ्यास करताहेत!’ — झालं पहिलं वाक्य. एक मेच्या ग्रामसभेसाठी.

पस्तीस वर्षं कागदाशिवाय बोललो. परभणी-मानवत पट्ट्यात मला माईक लागत नाही म्हणतात. पण साठी उलटली, मुद्दे निसटतात. म्हणून पुतणीने, सुकेशनीने, तिचा टॅब दिलाय. बिचारीची जूनमध्ये भरतीची परीक्षा. घरात दोन खोल्या, सात माणसं.

चष्मा लावून बोलणार नाही. काचेमागचे डोळे पेटलेले दिसत नाहीत! अक्षरंच मोठी करीन.

२१ एप्रिल
शोध लागला! या ॲपमध्ये स्वतःच्या शैली बनवता येतात. नाव द्यायचं, रंग आणि आकार ठरवायचा. मजकुरावर बोट ठेवलं की तो तसा दिसतो. पहिली — ‘गर्जना’: लाल, ठळक, चाळीस. दुसरी — ‘टोमणा’: हिरवी, तिरकी.

भाषण एक ओळही पुढे सरकलं नाही.

२४ एप्रिल
‘दम’ नावाची शैली केली. नुसती मोकळी जागा. तिथे थांबायचं, सभेकडे रोखून बघायचं.

लाल रंगाच्या अकरा छटा तपासल्या. फ्रेंच राज्यक्रांती याहून कमी लालात उरकली असावी. बायको चहा ठेवून गेली — "अवो, भाषण लिवायलाव का साडी निवडायलाव?" रेणुकाला वक्तृत्वातलं काही कळत नाही.

२८ एप्रिल
भाषण पुरं! शेवटी उरला कोरडा मजकूर — पोती हलवा, खोली सकाळी सात ते संध्याकाळी सात उघडी, किल्ली मुलींकडे, ठराव आजच. त्याला चौथी शैली: ‘बाकीचं’. करडी, बारीक, चौदा.

सुकेशनीने पाहिलं. "काका, हे लय बारीक झालं की. मला तर हेच पायजे."
"अगं, ते ओघात येतं."
ओघात!

१ मे
काय सभा झाली! लाल झालं, हिरवं झालं, दम तर असा घेतला की कुत्रंही भुंकलं नाही. शेवटच्या गर्जनेवर टाळ्या थांबेनात. त्याखाली टॅबच्या पडद्यावर धूळ बसल्यासारखं काही दिसलं. बोटाने पुसलं आणि बसलो.

"सरांच्या भावना त्याच आमच्या भावना," सरपंच म्हणाले. "पुढचा विषय — पाण्याची टाकी." माझा वर्गमित्र सटवाजी पाठीवर थाप मारून म्हणाला, "सिधू, आग लावलीस गड्या!" मी फुललो.

सुकेशनीबरोबर घरी चालत आलो. दारापाशी म्हणाली, "काका, टाळ्या लय वाजल्या. पन आपन मागितलं काय?"

२ मे
चष्मा लावून टॅब उघडला. धूळ नव्हती. मागणी होती.

उतरंडीविरुद्ध जन्मभर घसा फोडला. हाती चार शैली आल्या, तर आठवड्यात मीच उतरंड रचली! जिची परीक्षा, तिचंच गाऱ्हाणं तळाशी, करडं. पुढची ग्रामसभा ऑगस्टमध्ये.

टॅब परत दिला. ‘चुकलं’ म्हणायचं होतं. त्याची शैली केली नव्हती.

५ मे
कुणी भाषणाचं कौतुक केलं की रस्ता बदलतो.

९ मे
आज बायकांची वेगळी ग्रामसभा होती; तिथेही ठराव होतात, हे मला सुचलंच नव्हतं. रेणुका सांगत आली. सुकेशनीने माझ्याच भाषणातला शेवटचा परिच्छेद वाचला. तेवढाच.
"दोन मिन्टं बी न्हाई लागले. शेजारची कडूबाई म्हनली, ठराव लिवा, न्हाईतर उठनार न्हाई. सरपंचानं घरून किल्ली मागवली."
"टाळ्या?" मी विचारलं. — विचारलंच!
"टाळ्या कशाला? सह्या झाल्या."

१२ मे
सुकेशनीने ती फाइल मोबाइलवर पाठवली. चारही शैली काढून टाकल्यात. भाषणाच्या जागी आता अभ्यासिका उघडायच्या पाळ्या. सगळी नावं एकाच काळ्या अक्षरात. माझं आठवं. पुढे लिहिलंय — ‘काका, रविवारी सकाळी सातला या आणि कुलूप उघडा.’