चार बोटं उंच बाक

१२ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय दादा,

धाकट्याचा नमस्कार. बावीस वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, वाईट बातमी नाही. बाबांचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. वहिनी आणि मुली मजेत असतील.

कारण सांगतो. आपलं चर्च पुढच्या महिन्यात शंभर वर्षांचं होतंय आणि त्याचा इतिहास लिहायचं काम फादरांनी माझ्या गळ्यात मारलंय. "तू शाळामास्तर, तुझं अक्षर चांगलं," म्हणाले. घ्या! अक्षर चांगलं म्हणून इतिहासकार. पण जुनी दप्तरं चाळता चाळता मी पार वेडा झालोय.

काय माणसं होती रे आपली पूर्वज मंडळी! वीटभट्टीच्या कामासाठी जहाजातून उतरली तेव्हा इथल्या भाषेचा गंध नाही. गावातल्या मोठ्या कॅथलिक चर्चमध्ये त्यांना मिस्साच्या प्रार्थनेला तळघरात बसवायचे, कपड्यांना वीटभट्टीचा वास येतो म्हणे. दोन वर्षं त्यांनी ते सोसलं. मग एका रविवारी आपली पणजी ताडकन उठून म्हणाली, "देवाला आपला वास चालतो. ह्यांना चालत नसेल तर आपण आपलं बांधू." आणि बांधलं, दादा! दिवसभर मालकाच्या विटा भाजायच्या, संध्याकाळी स्वतःच्या. बायका रांगेत उभ्या राहून हातोहात विटा वर चढवायच्या. तेव्हाच्या फादरांनी पणजीबद्दल लिहून ठेवलंय, "दिवस भरत आलेत, घरी जा म्हटलं तर ऐकत नाही." वाचून हसलो आणि डोळेही भरून आले. अकरा वर्षं लागली, पण वेदीपासून घंटेपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

बाकांचं तर विचारूच नकोस. डाव्या रांगेची बाकं एका सुताराने केली, उजव्या रांगेची दुसऱ्याने. उंची ठरली एक हात. दोघांनीही मोजली आपापल्या हाताने, कोपरापासून बोटांपर्यंत! डावीकडचा सुतार ताडमाड, म्हणून ती रांग चार बोटं उंच. चूक उघडी पडल्यावर दोघेही हटेनात. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की ज्याने जसं घडवलं तसंच राहू द्यायचं, बाकाला कोणी करवत लावायची नाही. हा नियम आजवर एकदाच मोडला.

इतिहास इथवर लिहून मी तीन दिवस थांबलो होतो.

आपलं बाक डावीकडचं. आई बुटकी. मिस्साभर तिचे पाय लोंबकळायचे, मुंग्या यायच्या. ती कधी बोलली नाही, पण बाहेर पडताना माझ्या खांद्याचा आधार घ्यायची. तू तेव्हा सुतारकामात तयार झाला होतास, मी पुस्तकांत डोकं खुपसून असायचो. एका दुपारी चर्च रिकामं बघून मी तुझी करवत नेली आणि बाकाचे चारही पाय कापले. आईला बरं वाटेल, एवढंच डोक्यात होतं.

करवत तिथेच राहिली. ती तुझी, म्हणून नाव तुझं. बाबांनी मिस्सा संपल्यावर सगळ्यांसमोर तुझ्या थोबाडीत मारली. "ज्यांनी हे उभं केलं त्यांच्या तोंडाला काळं फासलंस," म्हणाले. तू माझ्याकडे बघितलंस. मी मूग गिळून बसलो. त्याच आठवड्यात तू घर सोडलंस, आणि आई त्या बाकावर पुन्हा कधी बसली नाही. शेवटपर्यंत मागच्या भिंतीशी उभी राहून मिस्सा ऐकली तिने. तिच्या दफनाला तू आलास आणि फाटकातूनच परत गेलास, तेव्हाही मी हाक मारली नाही.

मी घाबरट होतो. अजूनही आहे.

पण लिहायचं तर खरं लिहायचं. काल जेवणं झाल्यावर बाबांना बाकाचं ते पान वाचून दाखवलं, माझ्या नावासकट. वाटलं, आता काठी उचलतील. पण म्हणाले, "तो गेल्यावर मी वाकून ते पाय बघितले होते. सगळा वेडावाकडा काप. माझा थोरला असं कापणार नाही. मला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळ्यांसमोर मारलं होतं. चुकलो हेही सगळ्यांसमोरच म्हणावं लागलं असतं."

म्हणजे बघ, आम्ही दोघं एकाच घरात, रोज समोरासमोर जेवत होतो. दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही गप्प होतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर इतिहास वाचायचाय. ते पान मीच वाचणार. त्यानंतर बाबांना उभं राहून बोलायचंय, "पण तो समोर असेल तरच. तो नसताना मी कुणाची माफी मागू?" अजून तोच हेका! फक्त हे म्हणताना त्यांचा आवाज कापरा झाला, आणि तसा मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

तू ये म्हणायचा मला हक्क नाही. त्यांना आहे, पण ते म्हणणार नाहीत, तुला माहीतच आहेत. तू आला नाहीस तरी मी वाचणार आहे.

तुझ्या गप्प राहण्यावर इतकी वर्षं मान वर करून जगलेला,
धाकटा