टेबलाचा चौथा पाय

४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं कापड कापायचं टेबल टेम्पोने रवाना केलं आहे, पोचेलच. चाळीस वर्षांच्या सुतारकामात एवढा छळ कुठल्या टेबलाने केला नाही. दुकानदाराने सरळ म्हणून दिलेली फळी, आणि नेहमीसारखा डावा डोळा मिटून धारेवरून पाहतो तर मधोमध खड्डा! दोन्ही टोकांना रंधा मारला तेव्हा कुठे ती ओळीत आली. मग एक पाय उंच दिसला, तोही तासला.

हल्ली सरळ असं काही राहिलंच नाही. समोरच्या बंगल्याला नव्या खिडक्या बसवल्या, त्या एका डोळ्याने पाहिल्या तर सगळ्या कमरेत वाकलेल्या. मालकाला तोंडावर सांगितलं. तेव्हापासून तो बोलत नाही. खरं बोललं की सख्ख्या आईला राग येतो, हा तर शेजारी.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तू लहानपणी ठेवलेल्या नावाचा,
ओळंबा

१२ मार्च

चि. ओळंबा यास, अनेक आशीर्वाद.

टेबल मिळालं. दिसायला देखणं आहे, पण डुगडुगतं. कात्री ठेवली की घसरत जाऊन खणकन खाली पडते. तेवढं मी सोसलं असतं. पण दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यासाठी सहा पडदे सांगितले होते. मी सवयीने टेबलाची धार धरून कापले, आणि टांगून पाहते तर सहाच्या सहा पडद्यांना पोट! डॉक्टर म्हणाले, पडदे गरोदर आहेत का. पट्टी लावून बघायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण टेबल तू केलेलं. आता लावली. धार मध्ये चांगली बोटभर फुगली आहे.

तू कामचुकार असतास तर कान उपटला असता. तू तसा नाहीस, म्हणूनच मला काळजी वाटते. एक कर. उजवा डोळा मिटून समोरच्या खिडक्या डाव्या डोळ्याने बघ. मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आणि येताना त्या शेजाऱ्याची माफी माग. चालढकल केलीस तर गाठ माझ्याशी आहे.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

डाव्या डोळ्याने सगळा रस्ता सरळ झाला. वाकडा मीच निघालो. दोन्ही डोळे उघडे असले की काही कळत नव्हतं. पण आम्हा सुतारांना दोन डोळ्यांवर भरवसा कुठला!

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिने चौकोन छापलेला कागद दाखवला. मी सांगितलं, छापणाऱ्याला बोलवा, मधल्या रेषा वाकल्यात. ती हसली. मग थेंब घालून डोळ्याच्या तळाशी बराच वेळ पाहिलं, आणि हसायची थांबली. बाहेर पडलो तर काही धड दिसेना, एका खांबाला नमस्कारही करून झाला.

उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली गाठ आहे, जिथे नजर टेकते नेमकी तिथेच. सुजेची असेल किंवा कर्करोगाची. पाहून दोन्ही सारख्याच वाटतात म्हणे. रक्त, छातीचा फोटो, डोळ्याची सोनोग्राफी, सगळं झालं, तरी नक्की कळत नाही. आता महिनाभर सूज उतरवायच्या गोळ्या. गाठ बसली तर सूज. नाही बसली, तर डोळा काढावा लागेल, आणि पुढचं तिलाही सांगता येईना.

ताई, मला भीती वाटते. म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. मोठा रंधा माझ्या जुन्या भागीदाराला दे. करवती सुतारशाळेला. पटाश्या तू ठेव, पण त्यांनी धागे तोडत बसू नकोस. माझं नाव ज्यावरून पडलं तो दोरीचा ओळंबा मात्र कुणाला देऊ नकोस, तो आणि मी एकदमच जाऊ.

तुझा,
ओळंबा

२४ मार्च

चि. ओळंबा यास, अनेक आशीर्वाद.

वाटणीचं पत्र मिळालं, योग्य जागी ठेवलं आहे. वाचून मशीनवर डोकं टेकून रडले, हे कबूल करते. तुझ्या पटाश्या मला नकोत. मला तू हवा आहेस. या गुडघ्याने जखडलं नसतं तर पत्राआधी मी पोचले असते.

गोळ्या वेळेवर घे, आणि फळ्यांकडे बघून हळहळू नकोस. पडदे मी उलटे करून शिवून दिले. आता पोट वर गेलं आहे, आणि डॉक्टर म्हणतात हीच नवी फॅशन.

तुझीच,
ताई

२१ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

या गोळ्यांनी भूक अशी लागते की विचारू नकोस. सकाळी अख्खा पाव संपवतो आणि दुपारी काय मिळेल ते. शेजाऱ्याची माफी मागायला गेलो आणि बोलता बोलता त्याचा बिस्किटांचा डबा रिकामा केला. तो पुन्हा बोलत नाही.

काल तपासणी होती. ताई, गाठ निम्म्याहून जास्त बसली! डॉक्टरीणबाई म्हणाली, ही सूजच. अजून काही महिने लक्ष ठेवायचं, पण डोळा राहतो. चौकोनांच्या कागदावर आता एकच रेष जराशी लंगडते. घरी येऊन पायरीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

आता टेबल परत पाठव, सरळ करून देतो. मला लाज वाटते. आणि ते वाटणीचं पत्र फाडून टाक.

तुझा,
ओळंबा

२७ एप्रिल

चि. ओळंबा यास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा शेजारणीला वाचून दाखवलं. तिला तू कोण ते नीटसं माहीत नाही, तरी ती रडली.

टेबल मिळणार नाही. कापड मी आता पट्टी लावून कापते, धार कशी का असेना. आणि वाटणीचं पत्र मला फाडता येत नाही. ते आलं त्याच दिवशी चार घड्या घालून आखूड पायाखाली सारलं होतं. जाडी अगदी मापात बसली. तेव्हापासून कात्री एकदाही पडलेली नाही.

असाच लांबलचक लिहीत जा.

तुझी,
ताई